शेजाऱ्यांची साक्ष

मेणाचा ठोकळा सुरीसमोर बसवला की ताईचं बोलणं बंद. एरवी तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. सकाळी एप्रनच्या गुंड्या लावता लावता ती प्रयोगशाळेतल्या सगळ्यांची विचारपूस करणार, कुणाच्या लेकीचा दात पडला, कुणाच्या सासूचा गुडघा काय म्हणतो, आणि ऐकता ऐकता दोन फुकटचे सल्लेही देणार. पण एकदा का उजव्या हातात कापयंत्राचं चाक आणि डाव्या हातात कुंचला आला, की बाईंची समाधी लागली म्हणून समजा. चाकाचा एक फेरा, मेणाचा एक काप. केसाचे उभे वीस भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा, इतका पातळ. एकाला एक चिकटून कापांची फीत व्हायची. ती कुंचल्यावर झेलायची, कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या विरल्या की खालून काच घालून अलगद वर घ्यायची.

मेण नुसतं मेण नव्हे, बरं का. त्याच्या पोटात माणसाचा तुकडा असतो. कुणाच्या आतड्याचा, कुणाच्या जठराचा. त्या तुकड्यावर रंग चढवून डॉक्टर बघतात आणि त्या माणसाचं पुढचं ठरतं. सत्तावीस वर्षं ताई हेच काम करत आली होती, आणि प्रत्येक ठोकळा सुरीसमोर बसवताना मनात एकच वाक्य म्हणत आली होती, ‘बाबा रे, खरं बोल, जमलं तर बरं बोल.’

त्या मंगळवारी ठोकळ्यावर जो नंबर होता तो तिला पाठ होता. तो तिच्या धाकट्या भावाचा होता.

भाऊ शिंपी. दोन मशिनी, एक लांबलचक टेबल, एक आरसा आणि बायको, एवढ्यावर त्याचं दुकान चालायचं. त्यातही बायकोवर जास्त, असं तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायचा. तीन आठवड्यांपूर्वी पोट फुगून दगड झालं, उलट्या थांबेनात, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात त्याला तातडीनं टेबलावर घेतलं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. तिनं वाटच बुजवली होती. वीतभर आतडं कापून काढलं, दोन टोकं जोडली, आणि नवव्या दिवशी हा गडी घरी येऊन खुर्चीवरून बायकोला काज कसं करावं ते शिकवू लागला. तिनं वीस वर्षांत केली असतील ती हजारो काजं गेली कुठं कोण जाणे.

गाठ आतड्याच्या भिंतीत पार खोलवर गेली होती, पण आजूबाजूला पसरली नव्हती. कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, “कुंपणावर आहात तुम्ही. पुढं औषध द्यायचं की नाही, ते गाठीतल्या चार प्रथिनांवर ठरवू.”

ती चार प्रथिनं काय, हे भावाला समजावलं ताईनंच. “अरे, पेशी दोन होताना आतला सगळा मजकूर उतरवून घेते. उतरवताना चुका होतात, धागा निसटतो, वीण चुकते. ती सांधायला आत रफूगार बसलेले असतात. चार जण. दोघादोघांच्या जोड्यांनी काम करतात.”

“रोजंदारीवर?”

“गप ऐक. काही गाठींत एक जोडी पळून गेलेली असते. मग चुका साठतात, गाठ अगदी चिंध्यांचं बोचकं होते. आणि चिंध्या घातलेला माणूस जसा दारात उठून दिसतो, तशी ती गाठ शरीराच्या पहारेकऱ्यांना उठून दिसते. म्हणून आजाराच्या तुझ्या पायरीवर अशी गाठ सहसा परत येत नाही, आणि नेहमीच्या औषधाचा तिला फारसा उपयोगही नसतो. मग औषध टळतं.”

“आणि रफूगार जागेवर असले तर?”

“तर औषध.”

त्या औषधांची माहिती देणारा कागद डॉक्टरांनी घरी दिला होता. भावानं तो नीट घडी घालून खिशात ठेवला होता आणि घडी एकाच जागी उघडून उघडून तिथं कागद विरला होता. सलाइनमधून द्यायच्या एका औषधापुढं लिहिलं होतं, बोटांची टोकं बधिर होतात. काहींची वर्षानुवर्षं तशीच राहतात.

त्यानं तो कागद बायकोला दाखवला नाही, डॉक्टरांना विचारलं नाही. फक्त ताईपुढं टेबलावर दोन कापडं ठेवली, डोळे मिटले आणि बोट फिरवून म्हणाला, “ही सुलट. ही उलट. हिच्यात चार धाग्यांनंतर एक दोष आहे.” डोळे उघडले. “ताई, हे गेलं तर मी दुकानात बसून करू काय? गल्ल्यावरची पाटी होऊ?”

आईनं दोघांनाही एकाच सुईवर वाढवलं होतं. ताईनं दोन्ही कापडांची घडी घालून ती बाजूला ठेवली.

ठोकळा आला त्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तिला बोलावून विचारलं होतं, “तुझ्या भावाचा आहे. दुसऱ्या कुणाला देऊ का?”

“माझ्या भावाचं कापड दुसऱ्या कुणाला कापू देईन होय?”

“काप मग. पण बघणार मी.”

“तुम्हीच बघा. मला कुठं त्यातलं कळतंय.”

हे ती म्हणाली खरी, पण ते खोटं होतं आणि दोघींना ते ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं ज्या बाईच्या हातून काचा गेल्या तिला न कळून कसं चालेल? उलट नव्यानं कामाला लागलेल्या प्रत्येकाला पहिला धडा तीच द्यायची. सूक्ष्मदर्शक दुर्बिणीशी बसवायची आणि म्हणायची, “गाठीकडे नंतर बघ. गाठ म्हणजे चोराचं घर. आधी शेजाऱ्यांची दारं वाजव. गाठीच्या आसपास चांगल्या पेशी असतात ना, त्यांच्यात हे चारही रफूगार असतातच असतात. म्हणजे रंग चढवला की त्या तपकिरी दिसायलाच हव्यात. शेजारी तपकिरी आणि गाठ कोरी, तर गाठीतून प्रथिन खरंच गेलंय. पण शेजारीही कोरे असतील, तर काय समजायचं?” नवा माणूस गोंधळला की स्वतःच उत्तर द्यायची, “अरे, सगळी आळीच झोपलीय! झोपलेल्यांची साक्ष कोर्टात चालते का? काच बाजूला ठेव, पुन्हा कर.”

हा धडा तिनं किती जणांना दिला त्याची गणती नाही. आणि आता ऐका, माणूस कसा घसरतो ते.

सोमवारपासूनच ताईनं देवाशी एक बोलणं लावलं होतं. प्रथिनांची जोडी गाठीतून गेलेली असली, तर कधी कधी तो दोष रक्तातून, घराण्यातून आलेला असतो. भावात असला तर बहिणीतही असू शकतो. हे तिला चांगलं माहीत होतं. म्हणून सकाळी दिवा लावताना ती म्हणाली, “देवा, जोडी गेलेली निघू दे. माझ्यात दोष निघाला तर निघू दे, मी तपासण्या करीन, माझं मी बघीन. पण त्याचं औषध टाळ. त्याची बोटं ठेव.” तीन दिवस हेच. स्वतःच्या पदरचं घालून मागितलेलं मागणं. ते मान्य होणारच, असं तिच्या मनानं घेतलं होतं. भोळं मन आहे. ते देवाला दुकानदार समजतं आणि वर त्याला वाटतं, आपण घासाघीस न करता घेतोय, म्हणजे तो नाही म्हणणार नाही.

बुधवारी दुपारी रंगयंत्रातून चार काचा बाहेर आल्या. मॅडम बैठकीला गेल्या होत्या. काचा त्यांच्या टेबलावरच्या खणात ठेवायच्या, इतकंच काम. पण रंग नीट चढलाय का हे बघणं ताईच्या कामात बसत होतं, म्हणून तिनं पहिली काच दुर्बिणीखाली घातली. प्रत्येक काचेच्या टोकाला प्रयोगशाळेच्या स्वतःच्या साठ्यातला एक ठरलेला तुकडा चिकटवलेला असतो, यंत्र आणि औषध चाललं का हे कळायला. तो छान तपकिरी होता. म्हणजे यंत्र ठीक. तिथं तिनं काच काढून ठेवायला हवी होती.

तिनं काच सरकवली. थेट गाठीवर.

पहिली काच: फिकट तपकिरी. दुसरी: फिकट, पण तपकिरीच. तिसरी: कोरी. चौथी: कोरी. आणि तिसरी-चौथी ही नेमकी जोडीची प्रथिनं, पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. खुर्ची मागं सरकवून ती उठली, खिडकीशी गेली, आणि हात जोडायला उचलले तेव्हा कळलं, हातमोजे अजून तसेच आहेत.

मग तिनं हातमोजे काढले आणि फोन केला.

“हां ताई.”

“काय करतोयस?”

“तुझ्या भावजयीला बाही कशी बसवायची ते सांगतोय. ती मला गप्प कसं बसायचं ते सांगतेय.”

“ऐक. रिपोर्ट अजून यायचाय. मॅडमनी अजून बघितलं नाही. पण मी बघितलं. एक जोडी नाहीये.”

पलीकडं मशीन चालत होती ती थांबली.

“म्हणजे पळाले?”

“पळाले रे बाबा, पळाले!”

भाऊ अगदी हळू म्हणाला, “मग बँडमास्तरांना हो म्हणू का? बावीस कोट आहेत, सहा महिन्यांचं काम. सोनेरी फितीचे. परवा येऊन गेले, मी म्हटलं होतं कळवतो.”

“म्हण,” ताई म्हणाली. “खुशाल म्हण.”

गुरुवारी सकाळी साडेनऊला मॅडमनी तिला आत बोलावलं. त्यांच्याकडे दोन माणसांनी एकदम बघायची जोडदुर्बीण होती. मॅडमनी कोरी निघालेली तिसरी काच लावली आणि समोरची खुर्ची दाखवली.

“बस. बघ. शेजारी दाखव मला.”

ताईनं डोळे टेकवले. गाठीच्या कडेला निरोगी आतड्याच्या नळ्या होत्या, एका ओळीत लावलेल्या बरण्यांसारख्या. त्या तपकिरी असायला हव्या होत्या. त्या फिकट निळ्या होत्या, म्हणजे कोऱ्या. मधूनमधून पेरलेल्या पहारेकरी पेशीही कोऱ्या. काच सरकत गेली. आळीच्या आळी झोपली होती.

ताई म्हणाली, “टोकाचा तुकडा तपकिरी होता. मी बघितला.”

“तो आपल्या घरचा. नीट मुरवलेला. म्हणून यंत्राला बोल नाही. हा बाहेरून आलेला तुकडा. कसा आला होता, आठवतं?”

आठवत होतं. वीतभर आतडं, उभं चिरून उघडलेलं नाही, तसंच नळीसारखं बंद, लहानशा डब्यात कोंबलेलं, वर जेमतेम बुडण्याइतकं मुरवायचं फॉर्मलिन. शनिवार-रविवार तसंच राहिलेलं. मुरवण बाहेरून आत पोचलंच नाही. आत पोचेपर्यंत नाजूक प्रथिनं विरून गेली. डबा उघडताना ती स्वतः म्हणाली होती, ‘काय बाई हे, लोणच्याला सुद्धा याहून जास्त मीठ घालतात.’ म्हणाली होती आणि विसरली होती.

“म्हणजे प्रथिनं गेलेली नाहीत,” ती म्हणाली.

“म्हणजे आपल्याला माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “ते वेगळं. हो की नाही? तूच शिकवतेस सगळ्यांना.” मग चष्मा काढून, “तू कुणाला बोललीस का?”

खोटं बोलायला जागा होती. भावाला परस्पर थोपवता आलं असतं, मॅडमना कळलंही नसतं. ताईनं मांडीवरचा एप्रन एकदा सारखा केला. “बोलले. काल फोन केला. त्यानं सहा महिन्यांचं काम घेतलंय.”

मॅडम रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मग पुन्हा फोन करू नकोस. चालत जा.”

“आणि तपासणी?”

“आधीचा तुकडा आहे ना. आतड्यात नळी घालून बघितलं तेव्हा काढलेला.” शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी, पोट नुसतं दुखत होतं तेव्हा, नळीच्या टोकाच्या चिमट्यानं गाठीचा एक कण काढला होता. तो याच प्रयोगशाळेत आला होता. “तिळाएवढा आहे. पण तीळ लगेच मुरतो. त्यात शेजारीही थोडे आहेत. तू ये जाऊन, मग काप.”

भावाचं दुकान चालत पंचवीस मिनिटं. त्या पंचवीस मिनिटांत ताईनं सुरुवातीची सतरा वाक्यं जुळवली आणि दारातून आत पाय टाकताच सगळी विसरली.

कारण आत बँडमास्तर हात पसरून उभे होते. पोट मोठं, मिशी त्याहून मोठी. भाऊ टेप धरून त्यांच्याभोवती फिरत होता, अजून किंचित वाकून, टाके सांभाळत. भावजय वहीत मापं लिहीत होती.

“छाती?”

“चव्वेचाळीस.”

“पोट?”

“लिहू नका हो,” बँडमास्तर म्हणाले. “वाजवताना मी आत ओढतो.”

“मग वाजवणं थांबलं की गुंड्या प्रेक्षकांत,” भाऊ म्हणाला. “श्वास सोडा. खरं पोट दाखवा. कोटाशी खोटं बोलून चालत नाही.”

भावजयीनं ताईला बघितलं आणि वही टाकून धावत आली. “वन्सं! अहो, तुमच्या तोंडात साखर पडो! रात्री पहिल्यांदा झोपले हो मी. आईला कळवलं, शेजारणीला सांगितलं, खालच्या दुधवाल्यालासुद्धा सांगितलं, त्याला काही समजलं नाही, तरी आनंद झाला.”

ताई म्हणाली, “मास्तरांचं माप होऊ दे.”

तिच्या आवाजातलं भावानं ओळखलं. उरलेली मापं त्यानं घाई न करता घेतली, बाही, खांदा, मान. बँडमास्तर गेले. त्यानं टेप गळ्यात टाकला आणि स्टुलावर बसला. “बोल.”

ताईनं सांगितलं. काही लपवलं नाही. तुकडा नीट मुरला नव्हता, हे सांगितलं. पण तिथंच थांबली नाही. “तो डबा कसा आला हा दुसऱ्यांचा दोष. पण शेजारी बघितले असते तर कालच कळलं असतं. मी बघितले नाहीत. मला जे हवं होतं ते दिसलं आणि मी फोन उचलला. हा दोष माझा.”

भावजय उभी होती ती मशीनच्या स्टुलावर बसली. “म्हणजे कालचं खोटं?”

“खोटंही नाही, खरंही नाही. कळलेलंच नाही अजून.”

“वन्सं, मी तुम्हाला एक विचारू? दुसऱ्या कुणाच्या भावाचं असतं तर तुम्ही असा फोन केला असता?”

“नसता केला.”

“मग आमच्याच वाट्याला का हा उतावीळपणा?” तिचे डोळे भरले आणि तिनं रागानं मशीनचं चाक हातानं उलटं फिरवलं, दोरा तुटला. “आता त्या दुधवाल्याला काय सांगू मी?”

या प्रश्नावर हसावं की रडावं कुणालाच कळलं नाही. भाऊ उठला, टेबलावरून एक अर्धवट कोट उचलला. अस्तर लागलेलं नाही, बाही एकच, आणि सगळीकडे लांब लांब पांढरे कच्चे टाके, गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघण्यापुरते, मग उसवून टाकायचे. तो त्यानं ताईच्या खांद्यावर धरला.

“ताई, कच्च्या टाक्यावर कोट चढवून पाठवलंस की गं मला रस्त्यावर. आणि मी पण असा येडा, आरशात बघत हिंडलो रात्रभर.”

ताईनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले.

“रडू नकोस. कोटावर पडेल, डाग जात नाही.” मग जरा थांबून, “पक्का कधी होईल?”

“सोमवारी.”

“मास्तरांना काय सांगू?”

“काल मी म्हटलं, खुशाल हो म्हण. आज म्हणते, थांबायला सांग. आणि कारण विचारलं तर माझं नाव सांग.”

“तुझं नाव सांगून मला काय मिळणार,” भाऊ म्हणाला. “मापं घेऊन झालीत. कापड तर आणू. सोमवारी कापू.”

परत येऊन ताईनं तिळाएवढा तुकडा काढला. तो आधीच्या तपासणीत बराचसा कापला गेला होता. मेणात आता नखाच्या कडेइतकंच काही उरलं होतं. चार काचांना चार काप हवेत. सुरी समपातळीत लागेपर्यंत एरवी पाच-सहा काप वाया जातात. इथं वाया जायला काही नव्हतंच. तिनं ठोकळा बर्फावर ठेवला, सुरीचं पातं नवं घातलं, कोन दोनदा बघितला. चाकाला हात लावला आणि नेहमीचं वाक्य ओठावर आलं. ‘बाबा रे, खरं बोल, जमलं तर—’

तिथं ती अडखळली. आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं वाक्य अर्ध्यावर सोडलं. ‘खरं बोल,’ एवढंच म्हणाली, आणि चाक फिरवलं. देव काही कुणाशी व्यवहार करायला बसलेला नाही. पण खरं बघायला डोळे दे म्हटलं, तर देतो. ते मागणं त्याच्या हातचं असतं.

पहिला काप मेणाचाच आला. दुसऱ्यात अर्धा तीळ. मग तीन, चार, पाच, सहा, एकाला एक धरून, फितीत एकही चीर नाही. तिनं श्वास सोडला तेव्हा समोरच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “जिवंत आहेस का गं? मला वाटलं, पुतळा बसवला.”

सोमवारी अकरा वाजता काचा तयार झाल्या. ताईनं टोकाचा तुकडासुद्धा बघितला नाही. ट्रे उचलून मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि निघाली.

“कुठं निघालीस? बस. बोल तू, मी ऐकते.”

तिनं डोळे टेकवले. तीळ कोपऱ्यात होता. ती आधी कडेला गेली. शेजारी. पहिली काच: तपकिरी, ठसठशीत, एकेक केंद्र मोजावं असं. दुसरी: तपकिरी. तिसरी, चौथी: तपकिरी. “शेजारी जागे आहेत,” ती म्हणाली. “चारी आळ्या.”

“आता आत जा.”

जायला तिला थोडा वेळ लागला. मॅडमनी घाई केली नाही. मग ताईनं काच एका बोटानं सरकवली, आणि गाठ समोर आली. तपकिरी. चारही काचांवर. वेड्यावाकड्या, दाटीवाटीच्या पेशी, पण प्रत्येकीत रफूगार हजर.

“जागेवर आहेत,” ताई म्हणाली. “चौघेही.”

“जागेवर आहेत,” मॅडम म्हणाल्या, आणि कागद ओढून लिहायला लागल्या. लिहिता लिहिता न बघताच म्हणाल्या, “तुझ्या मागची एक काळजी कमी झाली म्हण. घराण्यातून आलेलं असण्याची शक्यता आता फारच थोडी.”

ताईला एकदम हसू आलं, आणि त्या हसण्याची लाजही वाटली. जे तिनं देऊ केलं होतं ते तिच्याकडेच परत आलं होतं, आणि मागितलं होतं ते मिळालं नव्हतं. बुधवारचा फोन खरा मानला असता, तर भाऊ औषधाविना राहिला असता. आणि ज्या गाठीनं वाट बुजवली होती ती कधी कुठून परत आली असती, कोण सांगणार? सही होईपर्यंत ती तिथंच बसून राहिली. मग कागद घेऊन गेली. चालत.

दुसऱ्या दिवशी ती भावाबरोबर कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर सभ्य होते, घाईत होते. रिपोर्ट वाचून म्हणाले, “प्रथि—” आणि थांबले, कारण भाऊ मध्येच बोलला होता, “रफूगार जागेवर आहेत, साहेब.” डॉक्टरांनी ताईकडे बघितलं. ताईनं छताकडे.

“तर मग औषध घेतलेलं बरं,” डॉक्टर म्हणाले. “गाठीनं आतडं बुजवलं होतं, म्हणून. शंभरातल्या काही थोड्यांनाच त्यानं फरक पडतो, पण ते थोडे कोण, हे आधी सांगता येत नाही. सलाइन आणि गोळ्या, दोन्ही मिळून सुरू करू.”

भावानं मान हलवली. खिशातल्या विरलेल्या कागदाला हात लावला आणि काढला नाही. फाइलवर लिहिलं होतं, व्यवसाय: स्वतंत्र.

ताई सत्तावीस वर्षं काचांशी बोलली होती, डॉक्टरांशी बोलायची तिला सवय नव्हती. पण ती म्हणाली, “साहेब, एक लिहायचं राहिलंय. हा शिंपी आहे. डोळे मिटून कापडाची सुलट-उलट सांगतो. बोटं बधिर होणारं ते सलाइन यालाच लागतं का, की त्याशिवाय चालेल?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. भावाला म्हणाले, “हे तुम्ही मागच्या वेळी का नाही बोललात?”

“तुम्ही जगण्याचं बोलत होता,” भाऊ म्हणाला. “त्यात बोटांचं कुठं काढायचं?”

डॉक्टरांनी फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. मग म्हणाले, “तुमच्या पायरीवर त्या सलाइननं फार काही जास्त पदरात पडतं, असं दिसलेलं नाही. नुसत्या गोळ्या देऊ. दोन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा विश्रांती, असे आठ फेरे. तळहात लाल होतील, सालं निघतील, चुरचुरेल. पण ते औषध थांबलं की भरून येतं. चालेल?”

“सालं निघाली तर कापडाला लागतील,” भाऊ म्हणाला, आणि मग डॉक्टरांचा चेहरा बघून, “चालेल, चालेल. सुती हातमोजे मीच शिवीन.”

बावीस कोट झाले. सहा महिन्यांत नाही, आठ लागले. तळहात फुटले त्या आठवड्यांत भाऊ खुर्चीत बसून सांगायचा आणि बायको कापायची, आणि तिनं कापलेलं बघून तो काही बोलला नाही, यावरून ताईनं ओळखलं की ते उत्तम असणार. रोज सकाळी दुकान उघडलं की तो डोळे मिटून एक चिंधी चाचपायचा. सुलट. उलट. चुकला नाही असं नाही, एकदा चुकला, तेव्हा बायको म्हणाली, “ती दोन्हीकडून सारखीच आहे, गाढवपणा करू नका.”

शेवटच्या गोळीनंतर दोन महिन्यांनी त्याची तपासणी झाली. काही दिसलं नाही. पुढच्या तपासण्या आहेतच. त्या पुढच्या तारखांना.

त्या आठवड्यात तो प्रयोगशाळेत आला, हातात कागदी पुडकं. आत ताईसाठी नवा पांढरा एप्रन. खिसा खोल, कुंचला राहील असा. गुंड्या दुहेरी दोऱ्यानं लावलेल्या. ताईनं अंगावर घालून बघितला. खांदा नेमका बसला होता. मग कॉलर चाचपताना बोटाला काही लागलं. आतल्या बाजूनं, मानेपाशी, एक लांबसा पांढरा कच्चा टाका तसाच राहिला होता.

“हा राहिला रे उसवायचा.”

“राहिला नाही,” भाऊ म्हणाला. “ठेवलाय.”

तिनं कॉलर सरळ केली. पलीकडं नव्यानं लागलेल्या बाई दुर्बिणीशी बसून म्हणत होत्या, “ताई, ही गाठ कोरी दिसतेय हो. प्रथिन गेलंय, लिहू?”

ताई एप्रनच्या गुंड्या लावत तिकडं निघाली. “थांब गं. आधी शेजाऱ्यांची दारं वाजव.”